योगायोग कुठे चालतो आणि पेरणी कुठे लागते : पटकथा दुरुस्त करण्याची एक पद्धत

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आयुष्यात आपण मुकाट्याने मान्य करतो. पडद्यासमोर बसलेला माणूस मात्र विचारतो, कावळा याच फांदीवर का आला? त्याला उत्तर मिळालं नाही की तो कथेतून बाहेर पडतो आणि लेखकाचा हात शोधू लागतो. नागपुरात आता शॉर्टफिल्म, वेबसिरीज, एकांकिका लिहिणारी बरीच मुलं-मुली आहेत. त्यांच्या संहिता वाचताना सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथेच. पात्रं जिवंत असतात, भाषा अस्सल असते, आणि शेवटच्या पंधरा पानांत कोणीतरी कोणालातरी 'नेमकं' भेटतं.

यावर 'आधी हिंट टाकून ठेवा' असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. पुढे काय होणार याची प्रेक्षकाला दिलेली खबर म्हणजे पूर्वसूचना, म्हणजेच पेरणी, नव्हे. जी वस्तू, जी सवय किंवा जे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे, तिला आजच्या सीनमध्ये स्वतःचं काम हवं. ते काम असेल तर प्रेक्षक तिला 'हिंट' म्हणून ओळखत नाही, पण विसरतही नाही. खाली एकच कथा घेऊन ही दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करून दाखवतो.

कथा आणि तिचा पहिला खर्डा

वनिता नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात वडिलांबरोबर राहते, तळमजल्यावर शिवणकाम करते. जानेवारीत वडील जातात. मोठा भाऊ सुधीर याला घर विकून मोकळं व्हायचं आहे. मृत्युपत्र नसेल तर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा, आणि भावाचा हिस्सा विकत घेण्याइतके पैसे वनिताकडे नाहीत. वडिलांनी खरं तर मृत्युपत्र करून घर तिच्या नावे केलेलं आहे. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातला एक साक्षीदार वारला आहे. दुसरे भंडाऱ्याचे वामनकाका.

पहिल्या खर्ड्यातला शेवट असा : सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर गाडी बदलताना वनिताला अचानक वामनकाका दिसतात. ते मृत्युपत्राबद्दल सांगतात. ती घरी येते, रागाच्या भरात वडिलांच्या खोलीतल्या जुन्या कूलरला लाथ मारते आणि आतून कागदाचा डबा खाली पडतो.

दोन योगायोग, दोन्ही तिच्या फायद्याचे, दोन्ही शेवटाजवळ. याहून अवघड जागा नसते.

पहिली पायरी : फाइलमध्ये शब्द शोधा

हे काम अगदी यांत्रिक आहे आणि त्यामुळेच उपयोगी आहे. संहितेच्या फाइलमध्ये हे शब्द एकेक करून शोधा : तेवढ्यात, इतक्यात, नेमका, अचानक, त्याच वेळी, समोरून येताना दिसतो, चुकून कानावर पडतं. जिथे सापडतील तिथे सीन क्रमांक लिहून घ्या. लिहिताना जिथे कारण सुचलं नाही, तिथेच हात 'तेवढ्यात'कडे वळलेला असतो.

मग शेवटच्या सीनपासून मागे या. प्रत्येक सीनसमोर एकच प्रश्न लिहा : हे कशामुळे घडलं? उत्तरात आधीच्या एखाद्या सीनचा क्रमांक आला तर ठीक. 'कारण कथेला गरज होती' असं उत्तर आलं तर तिथे लाल खूण करा. वनिताच्या कथेत 'डबा कशामुळे सापडला?' याचं उत्तर 'लाथेमुळे' असं येतं, आणि लाथेमागे आधीचा एकही सीन उभा नाही.

दुसरी पायरी : योगायोग कोणाच्या बाजूने आहे ते पाहा

सगळे लाल ठिपके पुसायचे नसतात. कथा सुरू करणारा योगायोग प्रेक्षक बिनतक्रार घेतो. दोन अनोळखी माणसांची बॅग बदलली, चुकीचा फोन लागला, गाडी चुकली, हे सगळं पहिल्या दहा-पंधरा पानांत चालतं, कारण तो कथेचा करारच असतो. पात्राला अधिक खड्ड्यात घालणारा योगायोगही चालतो. पोलिसांपासून लपायला शिरलेल्या घरात हवालदाराचीच सासुरवाडी निघाली, तर कोणी कुरकुरत नाही. खटकतो तो सुटका करणारा. त्यात पात्राने करायचं काम लेखक करून टाकतो.

इथे हमखास एक बचाव येतो : 'पण नागपुरात बर्डीवर कोणीही कोणालाही भेटतं!' खरं आहे, भेटतं. पण ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात याचा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे. घडू शकेल पण पटणार नाही अशा गोष्टीपेक्षा, घडणं अशक्य पण पटणारी गोष्ट नाटककाराने निवडावी, असं तो सांगतो. प्रेक्षक शक्यता मोजायला बसलेला नसतो. हे या माणसांमुळे घडलं की बाहेरून आणून चिकटवलं, एवढंच तो बघतो.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर रामटेकशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या कालिदासाकडे जाऊ. 'शाकुंतला'तली अंगठी रोहित माशाच्या पोटात सापडते. ऐकायला यापेक्षा मोठा योगायोग नाही, तरी तो खटकत नाही, आणि का खटकत नाही हे पटकथाकाराने वहीत उतरवून घ्यावं असं आहे. चौथ्या अंकात राजा शकुंतलेला विसरेल असा दुर्वासाचा शाप होतो. ओळख पटवणारा दागिना दिसला की शाप सरेल, ही अट सख्यांना आणि आपल्याला कळते, शकुंतलेला नाही. निरोप देताना सख्या तिला म्हणतात, राजाने ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव. त्या वेळी हे वाक्य म्हणजे मैत्रिणींची काळजी असते, तेच त्याचं त्या क्षणाचं काम. पाचव्या अंकात बोट रिकामं निघतं. शचीतीर्थाच्या पाण्याला नमस्कार करताना ती निसटली असावी, असं गौतमी म्हणते, म्हणजे अंगठी पाण्यात गेल्याचं आपल्याला आधीच ठाऊक असतं. मग कोळी येतो. आणि मुख्य म्हणजे तो उशिरा येतो. शकुंतलेला दरबारातून घालवून झालेलं असतं. अंगठी सापडल्याने राजाची सुटका होत नाही, त्याचा पश्चात्ताप सुरू होतो. अटीची आगाऊ माहिती, वस्तूच्या प्रवासाची खूण आणि हाती लागल्यावर दुःख, या तिन्हीच्या जोरावर तो मासा पचतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात 'पताकास्थानक' नावाची युक्तीही सांगितली आहे. मनात एक गोष्ट असताना अवचित दुसरीच सूचित होते, असा तिचा ढोबळ आशय. म्हणजे हा विषय बाहेरून आलेला नाही. आपल्या नाटकवाल्यांनी तो फार पूर्वी हाताळला आहे.

तिसरी पायरी : भेट घडवू नका, भेटीला कारण द्या

मेट्रोवरची भेट दुरुस्त करू. योगायोग मोडण्याच्या मला चार वाटा उपयोगी वाटतात : कारण द्या, सवय द्या, पात्राला निर्णय घ्यायला लावा, किंवा किंमत मोजायला लावा. बहुतेक वेळा दोन एकत्र वापराव्या लागतात.

यासाठी शहराचं कॅलेंडर भिंतीवर लावा. नागपूर या बाबतीत पटकथाकाराला भरभरून देतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. मुंबईचा अधिकारी आणि गडचिरोलीचा कार्यकर्ता डिसेंबरात एकाच रस्त्यावर आले तर तो योगायोग उरत नाही, एक मोर्च्यात आहे आणि दुसरा बंदोबस्तामागे. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा जुन्या नागपुरातली सगळी माणसं एका गर्दीत येतात. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गजबजतं. यातली प्रत्येक तारीख माणसांना ठरलेल्या ठिकाणी आणते.

वनिताच्या कथेसाठी मी १३ एप्रिलची रात्र घेतली. आंबेडकर जयंतीसाठी मध्यरात्री संविधान चौकात लोक जमतात. वडील आणि वामनकाका तरुणपणापासून दरवर्षी तिथे भेटायचे, चौकातल्या एका ठरलेल्या जागी. काका भंडाऱ्याहून एसटीने यायचे. ही सवय झाली. आता निर्णय : वडील गेल्यानंतरच्या पहिल्या जयंतीला वनिताला जायचं त्राण नाही, घराची बोलणी सुरू आहेत, सुधीर म्हणतो कशाला जातेस. ती जाते, वडिलांच्या जागेवर जाऊन उभी राहते.

वामनकाका येतात आणि विचारतात, "तू एकटीच? बाप कुठं हाय तुझा?"

त्यांना माहीतच नाही. सुधीरने नातेवाइकांना कळवलं होतं, मित्रांपर्यंत तो पोचला नाही, आणि वडिलांचा फोन कपाटात बंद पडून होता. आता बघा काय झालं. योगायोगाची कडी सांधायला गेलो आणि कथेतला सगळ्यात जड सीन हाती आला. आतषबाजीखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मित्र गेल्याचं सांगायचं आहे. मृत्युपत्राची माहिती या सीनमध्ये दुसऱ्या नंबरवर येते आणि म्हणूनच ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. चांगली दुरुस्ती ओळखायची ती अशी : तिने भोक तर बुजतंच, वर कथेला काहीतरी नवीन मिळतं.

चौथी पायरी : पेरणीला आजचं काम द्या

आता कूलर. नागपूरकराला सांगायला नको, दिवाळीच्या सुमारास कूलरवर ताडपत्री चढते ती होळीपर्यंत उतरत नाही. मधल्या काळात त्या लोखंडी डब्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. लपवायला याहून चांगली जागा कोणती? आणि ही जागा याच शहराच्या ऋतूतून आली आहे, दुसरीकडून उचललेली नाही. पहिल्या दहा पानांत हा सीन घातला :

आत. बाबांची खोली. हिवाळ्यातली सकाळ.
बाबा कूलरवरच्या ताडपत्रीची दोरी सोडतात, मागची खसाची ताटी काढतात, आत हात घालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा बाहेर काढतात. वनिता चहा घेऊन दारात उभी.
वनिता : बँकेत ठेवा म्हनलं होतं ना बाबा? कूलरमधी काऊन ठेवता?
बाबा : होळीपर्यंत कूलरले हात कोन लावते नागपुरात? चोर बी नाही लावत.
(डब्यातल्या सगळ्या नोटा तिच्या हातात देतात.)
बाबा : हे घे, मशीनचा हप्ता भर. दादाले सांगू नको.
रिकामा डबा पुन्हा आत जातो.

या सीनमध्ये प्रेक्षक काय बघतो? मुलीला गुपचूप मदत करणारा बाप, मुलाचा थोडा धाक, आणि घरातली पैशांची चणचण. कूलर विनोदापुरता येतो. हेच सीनचं आजचं काम. हा सीन काढला तर वडील-मुलीचं नातं दुबळं होईल, म्हणजे तो शेवटासाठी म्हणून आणून बसवलेला नाही.

रिकामा डबा हा तपशील मुद्दाम आहे. प्रत्येक पेरणीला एक उलटा प्रश्न विचारायचा : मग पात्राला हे आधीच का नाही सुचलं? वनिताला लपवण्याची जागा माहीत होती, तर वडील गेल्यावर तिने लगेच का नाही पाहिलं? कारण डबा रिकामा झाला हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मृत्युपत्र आहे हे तिला माहीत नव्हतं. हे उत्तर संहितेत असलंच पाहिजे. बहुतेक पेरण्या इथेच फसतात : पहिला प्रश्न मिटतो आणि त्यातून दुसरा उभा राहतो.

आता चौकातला सीन पूर्ण होतो. वामनकाका सही केल्याचं सांगतात. कागद कुठे आहे, त्यांना माहीत नाही. "तो म्हने, होळीपर्यंत कोनी हात नाही लावत, अशा जागी ठेवतो." काकांना या वाक्याचा अर्थ लागत नाही, वनिताला लागतो, आणि प्रेक्षकाला तिच्याबरोबर किंवा तिच्या क्षणभर आधी लागतो. तिने कोडं सोडवलं. कोणी तिच्या हातात उत्तर ठेवलं नाही.

राहिली किंमत. ती पहाटे घरी धावते, तर कूलर नाही. रिकाम्या खोलीतलं सामान सुधीरने आदल्या दिवशी भंगारवाल्याला दिलं आहे. हे अवचित नको, म्हणून मधल्या एका भांडणात त्याच्या तोंडी घातलं : "तो लोखंडी डबा भंगारात देतो उद्या-परवा." भांडण घर विकण्यावरून आहे, त्यामुळे हे वाक्य त्याच्या घाईचा भाग म्हणून निघून जातं. नशिबाने जे फुकट मिळत होतं, त्यासाठी आता वनिताला शहर पालथं घालावं लागतं.

पाचवी पायरी : किती वेळा, किती लांब, किती उघड

मोठ्या पेरणीला दोन हात पुरतात असं माझं मत आहे. पहिला वापर स्पष्ट दिसणारा, दुसरा ओझरता, इंटरव्हलच्या आसपास. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दहाव्या पानावरची गोष्ट शंभराव्या पानावर वापरायची असेल तर मध्ये आठवण हवीच. भंगाराचं वाक्य हीच आपली आठवण. तिसऱ्यांदा दाखवलं की प्रेक्षक वाट बघायला लागतो. झाडीपट्टीचं रात्रभर चालणारं नाटक किंवा रोजची मालिका लिहीत असाल तर हिशेब वेगळा. तिथे प्रेक्षक उठतो, परत येतो, एखादा भाग चुकवतो. तिथे तीन-चार वेळा सांगावं लागतं, आणि ते संवादातूनच.

पेरणी लपवायची जागा म्हणजे सीनचा मधला भाग. सीनच्या शेवटच्या ओळीवर ठेवलेली वस्तू ओरडून सांगते की मी पुढे येणार आहे. हसू, भांडण, घाई यांच्या आड ती सुरक्षित राहते. कृतीच्या ओळीत 'कॅमेरा डब्यावर स्थिरावतो' असं लिहायचा मोह टाळा.

काही गोष्टींना पूर्वसूचना समजू नका. देव्हाऱ्यातला दिवा विझणं, डावा डोळा फडफडणं, फोटोची काच तडकणं, हे शकुन आहेत. त्यांनी भीतीचं वातावरण तयार होतं, पण पुढच्या घटनेला कारण मिळत नाही. तसंच पहिल्या अंकात एकदा खोकलेलं पात्र शेवटी आजाराने गेलं, तर ती फार उघडी पेरणी. खोकल्याला त्या सीनमध्ये दुसरं काहीच काम नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ती तेव्हाच ओळखली. आणि पात्राच्या तोंडी 'काय योगायोग आहे बघा!' असं वाक्य कधीही देऊ नका. ज्याच्या लक्षात आलं नव्हतं त्यालाही तुम्ही जागं करता.

सहावी पायरी : वाचून दाखवा, पण योग्य जागी थांबा

ज्यांनी कथा ऐकलेली नाही अशा चार-पाच जणांना संहिता वाचून दाखवा. यातला निदान एक जण सिनेमाच्या धंद्याबाहेरचा असावा. पेऑफच्या, म्हणजे पेरलेली गोष्ट कामी येते त्या जागेच्या, पाच पानं आधी थांबा आणि विचारा, आता पुढे काय होईल? सगळे 'कूलर' म्हणाले तर पेरणी जास्त झाली, एखादा हात काढा. मग शेवटापर्यंत वाचा आणि विचारा, हे कुठून आलं? कोणालाच पहिला सीन आठवला नाही तर पेरणी कमी पडली. एकदोघांना आधी संशय आला आणि बाकीच्यांना शेवटी 'अरे हो, तो कूलर' असं झालं, तर हात लावू नका. तुमची कथा कशी वाटली, हे मात्र या वेळी विचारू नका, लोक चांगलं बोलतात आणि मुद्दा हातातून जातो.

सातवी पायरी : शूटिंग आणि एडिटमध्ये पेरणी जिवंत ठेवा

लेखकांचा इथे हमखास घात होतो. पेरणीचा सीन वरून साधा दिसतो, त्यामुळे दिवस संपत आला की कात्री आधी त्यावर चालते. म्हणून संहितेबरोबर एक वेगळं पान द्या. प्रत्येक पेरणीसाठी एक ओळ : सीन क्रमांक, काय दिसायलाच हवं, कोणतं वाक्य शब्दशः हवं, आणि ते पुढे कोणत्या सीनला लागतं. आपल्या कथेत 'होळीपर्यंत हात लावणे' हे शब्द दोन्ही सीनमध्ये तसेच यायला हवेत. सेटवर कलाकाराने ते सहज बदलून 'उन्हाळ्यापर्यंत' केलं तर चौकातला सीन निकामी होतो. हे पान दिग्दर्शक, कंटिन्युइटी सांभाळणारा सहायक आणि एडिटर या तिघांकडे असावं. कला विभागालाही सांगा की पहिल्या सीनचा कूलर आणि भंगारात सापडणारा कूलर एकच हवा, त्याच्यावरचा गंज आणि रंगाचे पोपडे सारखेच दिसायला हवेत.

पहिला कट पाहताना तुम्ही स्वतः उपयोगाचे नसता, तुम्हाला सगळं पाठ असतं. नवीन माणसाला बसवा. सीन कापला गेलाच असेल तर आधी बघा, ते वाक्य दुसऱ्या सीनमध्ये पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी डबिंगमध्ये घालता येतं का. ताडपत्रीत गुंडाळलेला कूलर आणि आत जाणारा हात, एवढा एक छोटा शॉट नंतर एका सकाळीही घेता येतो. यातलं काहीच शक्य नसेल तर पेऑफच बदला. वनिताला भंगारवाल्याकडे पाठवण्याऐवजी वामनकाकांच्या आठवणीत वकिलाचं नाव येऊ द्या आणि तिला तिथून पुढचा माग काढू द्या. तो शेवट थोडा फिका असेल, पण तो तिने स्वतः शोधलेला असेल.